बावन्न पॉइंट नऊ

टोलेडोत जानेवारी. तळघरातला गीझर शनिवारी गेला,
प्लंबर म्हणाला, सोमवार.
मामंजींनी बॅगेतून काढला
टॉवेलात गुंडाळून आणलेला रॉड.
हजार वॉट, देवगडच्या दुकानातला,
हँडलवर किंमत अजून चिकटलेली.

"बघ, उपयोगी पडला की नाही," असं ते म्हणाले नाहीत.
त्यांच्या मिशीने म्हटलं.

अडॅप्टरने पिना बदलतात.
तेवढंच बदलतं.

एक तास झाला. बादलीवर वाफ नाही.
त्यांनी आधी प्लग काढला, मग बोट बुडवलं.
एकतीस वर्षं खांबावर काढलेला माणूस,
पाण्यावर कधी विश्वास ठेवत नाही.
पाणी कोमट म्हणावं, तर तेही नाही.

शेजारून जेरोम नोवाक आला मीटर घेऊन,
काचेच्या कारखान्यात सगळी हयात वायरिंग केलेला,
गुडघे दुखतात म्हणून आता पायऱ्या मोजून चढणारा.
दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.
दोघांनी एकदम चष्मे कपाळावरून खाली घेतले.

दाब : एकशे एकोणीस.
करंट : दोन पॉइंट पंचवीस.
वीजबिलाच्या पाकिटामागे मामंजींनी भागाकार मांडला,
पहिलीतल्या मुलासारखा, ओठ हलवत.
बावन्न पॉइंट नऊ ओहम.
"रॉडात दोष नाही," ते म्हणाले. हायसं वाटलं त्यांना,
जणू कुणी घरचंच माणूस निर्दोष सुटलं.
"दाब इथे निम्मा. म्हणजे काम निम्मं.
आणखी एवढाच वेळ लागेल."

मी पोळ्यांची कणीक मळत होते.
"पाव," मी म्हणाले.

"काय?"

"काम निम्मं नाही, पाव.
विभवांतर निम्मं झालं की धाराही निम्मी होते,
रोध तोच आहे ना, मामंजी.
निम्म्याला निम्म्यानेच गुणायचं."

विभवांतर.
चार वर्षांत हा शब्द तोंडात आला नव्हता.
गोदामात मी खोक्यांवर पत्ते चिकटवते,
तिथे त्याचं काही काम पडत नाही.
आणि घरात मला कुणी विचारलं नव्हतं
की दहावी ब ला तू नेमकं काय शिकवायचीस.

त्यांनी गुणाकार केला. एकशे एकोणीस गुणिले सव्वादोन.
दोनशे अडुसष्टच्या आसपास.
हजाराच्या पाव भागाहून किंचित जास्त.
"पाचशे" खोडला. बराच वेळ खोडत राहिले.

मग म्हणाले, "परत सांग. सावकाश."

ओट्यावर पीठ भुरभुरलं, बोटाने लिहिलं,
शेवटच्या बाकाला सांगायचे तसं सांगितलं.
जेरोम वाकून पिठातले आकडे वाचत होता.
अक्षरं त्याला परकी,
पण पुढे काय येणार ते ठाऊक.
त्याने जमिनीकडे बोट केलं,
खाली, कपडे वाळवायच्या मशीनचा सॉकेट :
"टू फोर्टी."

हे मात्र मामंजींना मराठीतच ऐकू आलं.

दोन म्हातारे जिना उतरले, एकाचे गुडघे, दुसऱ्याचा दमा,
मध्ये बादली.
खालून स्क्रू पडल्याचा आवाज, मग हसू,
मग पोलिश की मालवणी कळू नये अशी एक शिवी.

मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले,
हात कोपरापर्यंत पिठाचे,
आणि माझा वर्गातला आवाज खाली गेला :
"दोनशे चाळीसला साडेचार अँपिअर येईल,
एक हजार एकोणनव्वद वॉट होतात,
लिहिल्यापेक्षा थोडं जास्त,
बादलीजवळून हलू नका!"

खालून थोडा वेळ काहीच नाही.
मग, "हो, बाई."

अर्ध्या तासात वाफ आली.
आधी जेरोमला एक तांब्या हात धुवायला.
ओट्यावरचे आकडे मी रात्री पुसले,
पुसताना एक चूक सापडली,
दशांश चिन्ह एका घराने सरकलेलं.
दोघांपैकी कुणी बोललं नव्हतं.